‘नाही’चा अर्थ

गेली अठ्ठावीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत आहे. प्रत्येक व्यवसाय माणसाला एखादी खोड लावून जातो. माझ्या व्यवसायाने मला लावलेली खोड अशी की, ‘नाही’ हा शब्द कानी पडताच मी अस्वस्थ होतो. ‘घरात साखर नाही’ असे पत्नी म्हणाली म्हणजे ‘तू कोठे कोठे पाहिलेस?’ हा प्रश्न माझ्या तोंडून निघून जातो, आणि मग त्याचे जे परिणाम व्हावयाचे ते होतात. तथापि हा प्रश्न केवळ विक्षिप्तपणाचा आहे, असे मला अद्याप वाटत नाही. आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी या एका ‘नाही’वर शतकानुशतके डोकेफोड केली आहे. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशावरून कळते? दिसत नाही म्हणून. पण अंधाऱ्या खोलीतही घट दिसत नाही. तेवढ्यावरून तेथे घट नाही असे कोणी म्हणेल काय? म्हणून या मंडळींनी अट घातली की, वस्तू असती तर ती खात्रीने दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा होय. याला त्यांनी ‘योग्यानुपलब्धी’ असे भारदस्त नाव दिले आहे. वर्गात हा भाग आला की मागच्या बाकांवर जांभयांची साथ पसरते. परंतु 2021 सालच्या एप्रिल महिन्यात याच अटीवर आमच्या घरातील एका माणसाचा जीव टांगलेला मी पाहिला, आणि तेव्हापासून तो भाग शिकविताना माझा आवाज थोडा चढतो, असे विद्यार्थी म्हणतात.

माझा धाकटा भाऊ बँकेत नोकरीला आहे. आम्ही दोघे सदाशिव पेठेतील एकाच इमारतीत, खालीवर राहतो. आई त्याच्याकडे असते. तिचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. कोरोनाची दुसरी लाट पुण्यात ऐन भरात होती. भावाला ताप आला, अंग मोडून आले, आणि त्याने शहाण्या माणसासारखे स्वतःला एका खोलीत कोंडून घेऊन नाकातील स्वॅब तपासावयास दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल आला: निगेटिव्ह. तो शब्द जिना चढून आमच्यापर्यंत पोचावयास अर्धे मिनिटही लागले नसेल. आईने शिरा करावयास घेतला. भाऊ खोलीतून बाहेर येऊन दिवाणखान्यात बसला. ताप उतरला नव्हता, खोकला वाढला होता. पण कागदावर ‘नाही’ असे छापून आले होते, आणि छापील अक्षराचा आपल्या समाजावर केवढा अंमल आहे हे मी निराळे सांगावयास नको.

आमच्या डॉक्टरांना मी दूरध्वनी केला तो केवळ आनंदाची वार्ता कळविण्यासाठी. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तो कागद बाजूला ठेवा. त्याला आधी खोलीत परत पाठवा, आणि सहा मिनिटे चालवून मग बोटाला ऑक्सिमीटर लावा.” बसल्या जागी सत्त्याण्णव दाखविणारा तो आकडा सहा मिनिटांच्या चालीनंतर एक्क्याण्णववर आला. शिरा तसाच राहिला.

या तपासणीचे मर्म मी पुढे मुद्दाम समजावून घेतले. विषाणूचा मजकूर आरएनए नावाच्या धाग्यावर लिहिलेला असतो. प्रयोगशाळेत प्रथम त्या मजकुराची डीएनएच्या लिपीत नक्कल करतात, आणि मग त्या नकलेच्या एका ठराविक तुकड्याच्या प्रती काढीत जातात. एकाच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे, तोच हिशेब. दहा फेऱ्यांत एकाचे हजार होतात, वीस फेऱ्यांत दहा लाख, तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक. ही युक्ती 1983 साली कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला सुचली आणि 1993 साली तिच्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या तीक्ष्ण दृष्टीच्या साधनाने ‘नाही’ म्हटल्यावर शंका घ्यावयाची ती कोठे? शंका साधनाबद्दल नाही, ते कोठे पाहत आहे याबद्दल आहे. नळीत विषाणूचा कणच आला नसेल तर शून्याची दुप्पट शून्यच. स्वॅब घेणाऱ्याचा हात नाकात पुरेसा आत गेला नसेल, नमुना उन्हात पडून राहिला असेल, किंवा, आणि हेच न्यूमोनियात महत्त्वाचे, विषाणूने नाक सोडून फुप्फुसाचा तळ गाठला असेल. चीनमधील रुग्णांच्या नमुन्यांचा एक अभ्यास मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घशातून घेतलेल्या 398 नमुन्यांपैकी केवळ 126 नमुन्यांत विषाणू सापडला. बेडक्याच्या 104 नमुन्यांपैकी 72 मध्ये सापडला. आणि दुर्बिणीची नळी थेट फुप्फुसात घालून तेथील धुवण काढलेल्या 15 नमुन्यांपैकी 14 मध्ये सापडला. म्हणजे घट माजघरात होता आणि आपण ओसरीवर कंदील फिरवीत होतो.

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने जलद अँटिजेन तपासणीबद्दल 2020 सालीच जो नियम केला, तो या दृष्टीने मला फार मार्मिक वाटतो. त्या तपासणीने ‘आहे’ म्हटले तर ते तत्काळ मान्य करावे. पण लक्षणे असलेल्या माणसाबद्दल तिने ‘नाही’ म्हटले तर आरटीपीसीआर करून पुन्हा विचारावे. होकार आणि नकार यांचे वजन सारखे नसते, हे एका सरकारी परिपत्रकात इतक्या थोडक्यात सांगितलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करून घेण्यास सांगितले. त्या केंद्राबाहेर पहाटे पाच वाजता रांग होती. राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्येच या तपासणीचे दर यंत्राच्या ताकदीप्रमाणे दोन ते तीन हजार रुपयांपर्यंत बांधून दिले होते, त्यामुळे पूर्वी जो खर्च लोकांना जड वाटे तो आता आवाक्यात आला होता; आणि रांगेत अशीही मंडळी दिसत होती की ज्यांना शिंकेपलीकडे काही झालेले नव्हते. (दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी मे 2021 च्या आरंभी अशा हौशी स्कॅनविरुद्ध इशारा दिला, तेव्हा एका स्कॅनच्या किरणांची बरोबरी छातीच्या तीनशे ते चारशे साध्या फोटोंशी केली. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने हा आकडा जुना असल्याचे सांगून त्यावर आक्षेप घेतला. आकड्याचे भांडण बाजूला ठेवले तरी शिंकेसाठी स्कॅन नको, हे दोन्ही पक्षांना मान्य असावे.)

तेथील क्ष-किरणतज्ज्ञ आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. त्याला मी परकरी-पोलक्यातल्या बहिणीबरोबर लगोरी खेळताना पाहिलेले. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने मला पडद्याजवळ बोलावले आणि फुप्फुसाचा एकेक काप उलगडून दाखविला. निरोगी फुप्फुस त्या चित्रात काळे दिसते, कारण ते हवेने भरलेले असते. त्यात रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघांनी उमटतात. नेहमीच्या जंतुजन्य न्यूमोनियात पुष्कळदा फुप्फुसाचा एखादा भाग घट्ट पांढरा होतो, इतका की त्यातील फांद्या त्या पांढरेपणात बुडून जातात. भावाच्या फुप्फुसांत तसे नव्हते. दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला आणि कडेकडेने, फिकट करडे डाग होते, आणि त्या करडेपणातूनही फांद्या दिसत होत्या. डॉक्टर लोक याला घासलेल्या काचेची उपमा देतात. मला मात्र माघातल्या पहाटे लकडी पुलावरून दिसणारे धुके आठवले. झाडे झाकलीही जात नाहीत आणि उघडीही पडत नाहीत, तसे ते होते. श्वासकोशांत हवा पूर्ण गेलेली नाही आणि पाणीही पूर्ण भरलेले नाही, अशा मधल्या स्थितीचे ते चित्र.

“म्हणजे कोरोनाच,” मी म्हणालो.

“काका, हे धुके आहे एवढे मी लिहून देतो,” तो म्हणाला. “या दिवसांत, या शहरात, अशा तापाच्या माणसात ते बहुतेक कोरोनाचेच असणार. पण 2009 साली स्वाइन फ्लूच्या वेळी हेच चित्र दिसत होते. काही औषधांनी दिसते, हृदय थकले तरी थोडेफार असे दिसते. चित्रावर विषाणूचे नाव लिहिलेले नसते.”

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे उदाहरण संस्कृत तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातच येते. धूर अग्नीवाचून नसतो, म्हणून ते अनुमान निर्दोष. परंतु तो तरुण मला सांगत होता की, त्याचा धूर अनेक प्रकारच्या सरपणांतून निघतो, आणि सरपण कोणते ते धुराच्या रंगावरून ठरत नाही. ठरते ते ऋतूवरून, गावावरून, शेजारी काय जळत आहे त्यावरून. त्यांच्या अहवालांच्या तळाशी एक वाक्य ठराविकपणे छापलेले असते: हे निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावेत. पुष्कळांना ते वाक्य अंग काढून घेण्याची वकिली युक्ती वाटते. मला ते त्या कागदावरील सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते.

आता कोणी विचारील की, धुके आहे, ऑक्सिजन घसरत आहे, मग नावाशी कर्तव्य काय? उपचार करा म्हणजे झाले. पण नावाशी कर्तव्य असते. इन्फ्लुएन्झावर ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे आणि ते जितके लवकर द्यावे तितका त्याचा उपयोग. कोरोनाच्या ज्या रुग्णांना ऑक्सिजन लागतो त्यांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचतात, हे जून 2020 मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखविले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. शिवाय रुग्णाला कोणाच्या शेजारी निजवावयाचे, हेही नावावरच ठरते.

त्याचा अनुभव आम्हाला त्याच दिवशी दुपारी आला. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला तेव्हा आम्ही भावाला घेऊन एका रुग्णालयात गेलो. तेथील खिडकीवरच्या गृहस्थाने दोन्ही कागद पाहिले. कोविड कक्षात खाट होती, पण त्यासाठी ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हवा होता. तो आमच्याजवळ नव्हता. साध्या कक्षात ‘निगेटिव्ह’ अहवाल असलेल्यांना घेत असत. तो आमच्याजवळ होता, पण स्कॅनमधील धुके पाहून तेथील कोणी त्याला आत घेण्यास तयार होईना. एका कागदाने त्याला एक दार बंद केले होते आणि दुसऱ्याने दुसरे. भाऊ मोटारीच्या मागच्या आसनावर डोळे मिटून पडला होता. तो एकदाच बोलला: “दादा, मला नक्की काय झालेलं नाही?” वाक्याची ही विचित्र रचना तापामुळे झाली की बँकेत मुरलेल्या त्याच्या थट्टेखोरपणामुळे, हे मी त्याला पुढेही विचारले नाही.

खिडकीवरच्या त्या गृहस्थाचा मला राग आला होता, आणि तो पुरता गेला आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याला मिळालेला नियमच असा होता की, त्यात कागदाला बुद्धी आहे असे गृहीत धरलेले होते. 8 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने धोरण बदलून कोविड रुग्णालयात प्रवेशासाठी पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती काढली आणि संशयित रुग्णांना संशयित कक्षात घ्यावे असे ठरविले. आम्हाला त्याआधीच, रात्री नऊच्या सुमारास, शहराच्या दुसऱ्या टोकाला असा संशयित कक्ष ठेवणारे रुग्णालय मिळाले. तेथे ऑक्सिजन लावला, स्टेरॉइड सुरू झाले. तिसऱ्या दिवशी बेडक्याचा नमुना घेऊन पुन्हा तपासणी केली. चौथ्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’ अहवाल आला. आरंभी जे नाव ऐकू नये म्हणून घरातले सर्व देवाची प्रार्थना करीत होते, तेच ऐकून त्या दिवशी आम्हाला हायसे वाटले. एकोणीस दिवसांनी तो घरी आला.

पुढे सवड मिळाल्यावर मी याविषयी थोडे वाचले, तेव्हा कळले की हा कलह आमच्या घरापुरता नव्हता. वूहानमधील एका रुग्णालयातील 1014 रुग्णांचा अभ्यास फेब्रुवारी 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वांचे स्कॅनही झाले होते आणि आरटीपीसीआरही. तपासणीने 601 जणांस होकार दिला, स्कॅनने 888 जणांस. तपासणीने ज्या 413 जणांस ‘नाही’ म्हटले, त्यांतील 308 जणांच्या फुप्फुसांत स्कॅनला खुणा दिसत होत्या. हे तीनशे आठ लोक कोण? तपासणीला प्रमाण मानले तर स्कॅनला सर्वत्र धूर दिसण्याचा रोग जडला आहे असे ठरते. स्कॅनला प्रमाण मानले तर तपासणी आंधळी ठरते. दोन साक्षीदार, आणि प्रत्येकाची विश्वासार्हता दुसऱ्याच्या साक्षीवरून मोजावयाची! त्याच सुमारास हूबे प्रांताने स्कॅनवरून निदान झालेले रुग्णही मोजण्यास आरंभ केला, आणि 12 फेब्रुवारीच्या एका दिवसात तेथे 14,840 नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी 13,332 या नव्या व्याख्येने आलेले. आदल्या दिवशी ही माणसे आजारी नव्हती असे नाही. व्याख्या बदलली होती. इकडे अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने मार्चमध्ये सांगितले की, निदानाची पहिली पायरी म्हणून स्कॅन वापरू नये. मला दोन्ही निर्णय आपापल्या जागी समंजस वाटतात. वूहानमध्ये घरोघर आग लागली होती, तेथे धूर पुरेसा होता.

स्कॅनच्या नकारालाही हीच अट लागू आहे, हे सांगितले पाहिजे. लक्षणे दिसू लागल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या स्कॅनपैकी निम्म्याहून अधिक निर्दोष होते, असे एका लहानशा अभ्यासात आढळले. धुके उतरावयासही वेळ लागतो.

या काळात आपल्या भाषेत एक मोठा गमतीदार घोटाळा झाला. स्कॅनचे नाव सीटी. आणि आरटीपीसीआरच्या अहवालात दुप्पट होण्याच्या किती फेऱ्यांनंतर विषाणू नजरेस आला तो जो आकडा देतात, त्याचेही नाव सीटीच. पहिल्या सीटीचा गुण पंचवीसपैकी मोजीत: फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच. तो जितका अधिक तितके दुखणे अधिक. दुसऱ्या सीटीचा आकडा जितका अधिक तितका विषाणू कमी. ‘आमच्या बाबांचा सीटी बावीस आला’ असे कोणी दूरध्वनीवर सांगितले म्हणजे अभिनंदन करावे की धावत जावे, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून कळत नसे. आमच्या एका आतेभावाच्या बाबतीत ते कोणी विचारले नाही. अर्धे नातलग निश्चिंत राहिले आणि उरलेले अर्धे रडत होते. त्यातही दुसऱ्या आकड्यावरून रोगाचे गांभीर्य ठरत नाही, स्वॅब कसा घेतला त्यावर तो हलतो, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते. पण परीक्षेत गुण मोजण्याची सवय असलेल्या आपल्या वर्गाला आकडा मिळाला की त्याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन या रक्ताच्या तपासण्यांचे आकडेही असेच भिशीच्या बैठकीत सांगितले जात. हे सगळे शरीरात जळजळ किती चालली आहे ते सांगणारे. कोणी पेटविले ते सांगणारे नव्हेत.

आणि नाव मिळाले म्हणजे ते खरे असतेच असेही नाही. 1892 साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांत एक जंतू पाहिला आणि रोगाचे कारण सापडले असे जाहीर केले. 1918 सालच्या साथीत, जी आपल्या देशात मुंबईच्या बंदरातून शिरली, जगभरचे डॉक्टर याच जंतूचा शोध घेत होते. काही मृतांत तो सापडे, काहींत सापडत नसे, आणि न सापडला तर आपलेच कौशल्य कमी पडले असे कित्येकांना वाटे. खरा अपराधी विषाणू माणसापासून वेगळा काढण्यास 1933 साल उजाडावे लागले. उलट प्रकारही घडला. 1944 मध्ये मनरो ईटन याने एका निराळ्याच धर्तीच्या न्यूमोनियाचे कारण शोधले; ते बारीक गाळणीतून पार जाई, म्हणून विषाणू समजले गेले. 1962 साली ते निर्जीव खाद्यावर वाढविण्यात आले, तेव्हा तो विषाणू नसून मायकोप्लाझ्मा नावाचा अगदी लहान जंतू आहे असे ठरले. तोपर्यंत अठरा वर्षे लोटली होती.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. एका नमुन्यातून वीसएक जंतू-विषाणूंची नावे तासाभरात सांगणारी यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आली आहेत. तरीही 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या 2259 प्रौढांची कसून तपासणी करूनही 62 टक्क्यांत कोणताच अपराधी सापडला नव्हता. ज्यांत सापडला त्यांत विषाणू जंतूंहून अधिक होते. त्या 62 टक्क्यांतला नकार कोणत्या प्रकारचा, हे विचारावेसे मला वाटते, पण विचारावयाचे कोणाला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका सहकाऱ्याच्या चार वर्षांच्या नातवाला न्यूमोनिया झाला. साधा क्ष-किरण फोटो काढला. दोन्ही बाजूंना अस्पष्ट ठिपके होते. नव्या यंत्राने एक नव्हे, दोन नावे दिली: आरएसव्ही आणि रायनोव्हायरस. सहकारी मला विचारू लागले, दोहोंपैकी कोणी केले? मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे धाडले. त्या बाई म्हणाल्या, रायनोव्हायरस धडधाकट मुलांच्या नाकातही कित्येकदा मुक्कामाला असतो. सापडला म्हणजे त्यानेच केले असे नाही. आरएसव्हीचा संशय अधिक, परंतु शपथेवर सांगता येणार नाही. मुलाला दोन दिवस ऑक्सिजन दिला, पाणी दिले, रक्तातले आकडे आणि मुलाचा एकंदर रंग पाहून अँटिबायोटिक दुसऱ्या दिवशी थांबविले. पाचव्या दिवशी तो घरी आला. घरी सोडतानाच्या कागदावर ‘विषाणुजन्य न्यूमोनिया’ एवढेच निदान होते; पुढे विषाणूच्या नावासाठी असलेल्या रकान्यात बाईंनी दोन्ही नावे लिहून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले होते.